नागभीडवालीचा वाटा

चंद्रपूरच्या एका कंपनीनं मागे मला महिला दिनाला भाषणासाठी बोलावलं होतं. थंडगार सभागृह, हातात फुलांचा गुच्छ, पडद्यावर हसऱ्या बायकांची चित्रं. बायकाही अशा गोऱ्यापान की आमच्या जिल्ह्यातल्या उन्हात एकही तासभर टिकली नसती. कंपनीतल्या एका तरुण साहेबानं माझी ओळख करून दिली आणि शेवटी म्हणाला, "आम्ही सगळ्या समाजघटकांना सामावून घेतो." मी बसल्या जागी तापले. सामावून घेणारे तुम्ही कोण, आणि आम्ही काय बाहेर पावसात उभ्या होतो? लिहून नेलेलं भाषण पर्समध्येच ठेवलं आणि आमच्या गावच्या तलावाची गोष्ट सांगितली. वेळ संपल्याची चिठ्ठी दोनदा आली. मी ती दोन्हीदा टेबलावर पालथी घातली.

तीच गोष्ट इथं नीट लिहिते. नावं कुणाचीच लिहिणार नाही. त्यालाही कारण आहे.

आमचं गाव सिंदेवाहीच्या पलीकडं, जंगलाला लागून. गावाला दोन तलाव. मोठ्या तलावात ढिवरांची मासेमारीची सोसायटी होती. दुसरा तलाव लहान, आमच्या बौद्ध मोहल्ल्याच्या मागं, गोंडांच्या टोल्याच्या, म्हणजे वस्तीच्या, वाटेवर. त्यात गाळ आणि बेशरमाची झुडपं एवढी माजलेली की म्हशीसुद्धा उतरायला नाखूश असायच्या. नव्वद सालानंतरची ही गोष्ट. मी बारावी होऊन घरी बसले होते. बाबा घुग्घुसला खाणीत ठेकेदाराच्या हाताखाली होते, आठपंधरा दिवसांनी घरी यायचे. घर चालवायची आई. धानाच्या रोवण्याच्या, म्हणजे लावणीच्या, दिवसांत दुसऱ्यांच्या बांध्यांत, एरवी मिळेल त्या कामावर.

मोठ्या तलावावर वाटे पाडायची एक पद्धत होती. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सोसायटीचे सगळे पुरुष मिळून ओढजाळं लावायचे. निघालेले मासे पळसाच्या पानांवर सारख्या ढिगांत मांडायचे, एकेका घराचा एकेक वाटा. मग एक म्हातारा वाट्यांकडं पाठ करून पिंपळाकडं तोंड करून उभा राहायचा. दुसरा कुणीतरी एका ढिगावर हात ठेवून ओरडायचा, "हा कोनाचा?" म्हातारा मागं न बघता एक नाव घ्यायचा. ज्याचं नाव, त्याचा तो ढीग. कुणाला कतला जास्त आला, कुणाला नुसते काटे आले, तरी तक्रार करायला तोंड नाही. पाठ केलेला माणूस पक्षपात करणार कसा?

लहानपणी मला हा जगातला सगळ्यात सरळ न्याय वाटायचा. त्या नावांत एकही बाईचं नाव नसतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. ते ध्यानात आणून दिलं मावशीनं.

मावशी ढिवरांची. माझ्या आईची रोवण्यातली जोडीदारीण, म्हणून माझी मावशी, आणि हळूहळू सगळ्या गावाचीच. आवाज असा की तिनं तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, हाक मारली तर मधल्या रस्त्यावरची एसटी थांबावी. सुपारी-तंबाखूचा खर्रा खायची, आणि महत्त्वाचं काही बोलायचं असलं की आधी थुंकून यायची. ती थुंकायला उठली की समोरच्यानं समजून जावं. तिचा नवरा तापानं गेला. त्या उन्हाळ्यात त्याच्या नावानं वाटा पुकारला गेला, दुःखाचं घर म्हणून. पुढच्या उन्हाळ्यात ती टोपलं घेऊन पाळीवर उभी राहिली. सगळे ढीग उचलले गेले, पानं उडायला लागली, तरी ती उभीच.

पाठ करून नावं पुकारणारा म्हातारा म्हणजे तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ आणि सोसायटीचा अध्यक्षही. आमच्याकडं भासऱ्यासमोर सून तोंड वर करत नाही. मावशीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि पदराच्या आतून विचारलं, "माहा वाटा कुठी आहे?"

"जाळं वढनाऱ्याचा वाटा असते. तुह्या घरून कोन उतरलं पाण्यात?"

"मी उतरतो."

"बाईचा हात जाळ्याले लागला तं मासा पळून जाते. तुले ठाऊक नाई काय?"

मावशी थुंकून आली. "अन् जाळं विनते कोन? फाटलं तं शिवते कोन? उन्हाळाभर ओसरीवर मांडीत घेऊन बसतो, तवा मासा नाई पळत? कोरड्या जाळ्याले बाई चालते अन् वल्ल्याले नाई चालत, असा कोन्ता मासा आहे थो? दाखवा मले."

पाळीवरची माणसं हसली. पण ती तिच्यावर हसली. तिच्या टोपल्यात कुणीतरी दयेनं चार मासे टाकले. तिनं ते तिथंच पाण्यात फेकून दिले आणि रिकामं टोपलं डोक्यावर घेऊन गावातून, बाजाराच्या रस्त्यानं, सगळ्यांना दिसेल अशी घरी गेली. त्या दिवशी मला तिचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली.

चार दिवसांनी ती आमच्या घरी आली. येणं नवीन नव्हतं, बसणं नवीन नव्हतं. ओसरीच्या कडेला बसायची, तासभर गप्पा करायची, उन्हातून आलेली असली तरी पाणी मात्र आमच्या घरचं घ्यायची नाही. "आत्ताच पिऊन आलो," म्हणायची. तिच्या जातीत आमच्या घरचं पाणी चालत नव्हतं. आई ते वर्षानुवर्षं बघत होती आणि एका शब्दानं बोलत नव्हती. त्या दिवशी मावशीनं सांगायला सुरुवात केली की लहान तलाव आपण बायांनी मागायचा, ग्रामपंचायतीचा आहे, सोसायटीचा नाही, ढिवर, बौद्ध, गोंड सगळ्यांच्या बाया मिळून मागायचा. आईनं ऐकून घेतलं. उठली, माठातलं पाणी गडव्यात भरलं आणि मावशीच्या पुढ्यात ठेवलं.

"आधी पानी पे. मंग बोल."

मावशी गडव्याकडं बघत राहिली. मी दारात उभी होते. मला वाटलं, आता ही उठून जाणार आणि माझ्या आईची एकुलती एक मैत्रीण तुटणार. आईचा चेहरा मात्र दगडासारखा. भासऱ्याकडं वाटा मागणारी बाई आमच्या ओसरीवर स्वतः काय करते, एवढंच तिला बघायचं होतं. मावशीनं गडवा उचलला आणि घटाघट सगळं पाणी प्यायली. हनुवटीवरून ओघळलेलं पदरानं पुसलं आणि म्हणाली, "गोड आहे वं तुमच्या विहिरीचं. इतके दिवस काऊन नाई सांगतलं?"

"तू इचारलं नाई," आई म्हणाली.

पुढं सभांमध्ये मी मोठमोठ्या लोकांची भाषणं ऐकली, पण त्या गडव्याएवढं स्पष्ट कुणी बोललेलं मला आठवत नाही.

ग्रामसभेत अर्ज मांडला तेव्हा गदारोळ झाला. सरपंचपद त्या वेळी बाईसाठी राखीव होतं. म्हणजे खुर्चीवर सरपंचबाईंचा नवरा बसायचा आणि सरपंचबाई दाराजवळ सतरंजीवर. भासऱ्याचं म्हणणं, मासे ढिवरांचे, इतर जातींच्या बाया मधात कशाला? कुणी म्हणालं, बायांना जाळं ओढवेल काय? दुसरा म्हणाला, ओढतील हो, पण वाटे पाडताना एकमेकींच्या झिंज्या उपटतील! यावर सभेत असा हशा पिकला की शेवटी त्याचीच अट झाली. तलाव एका वर्षासाठी द्यायचा. पुढच्या उन्हाळ्यात गावासमोर बायांनी जाळं ओढून दाखवायचं आणि वाटे पाडून दाखवायचे. एकाही पुरुषाचा हात लागता कामा नये, आणि वाट्यांवरून भांडण झालं तर तलाव सोसायटीला.

मावशी सरपंचबाईंच्या नवऱ्याशी बोललीच नाही. ती सतरंजीकडं वळली. "सरपंचबाई, तुमी सांगा. सही तं तुमचीच लागते."

सरपंचबाईंचा आवाज गावानं तोवर ऐकलाच नव्हता. त्या पायाच्या अंगठ्यानं सतरंजीचा दोरा ओढत म्हणाल्या, "देऊन टाका." नवऱ्यानं त्यांच्याकडं असं बघितलं, जणू घरातली खाटच बोलली.

मग जे काम काढलं ते सांगत बसत नाही. बेशरम कापला की फुटतो, उपटला की हात सोलतो. गावातली टवाळ माणसं पाळीवर उभी राहून म्हणायची, बेशरमच बेशरम काढून राह्यल्या. आम्ही वर बघायचो नाही. ढिवरांतल्या मोजक्या बाया आल्या, गोंडांच्या टोल्यावरच्या बाया आल्या, त्यांची लहान मुलं पाळीवर झोळीत. मत्स्यबीज केंद्रातून बोटुकली आणली, म्हणजे बोटाएवढी माशाची पिल्लं. हवा भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या मांडीवर घेऊन आम्ही एसटीत बसलो. कंडक्टर म्हणाला, याचं तिकीट लागते. मावशी म्हणाली, "फाड तिकीट, पन मंग माह्या लेकराइले बसाले जागा दे." तो पुढं सरकला.

खरी आग लागली ती जाळ्यावरून. सोसायटी आपलं ओढजाळं देणार नव्हती, हे ठरलेलंच होतं. मावशीनं नायलॉनचा दोरा आणला आणि आमच्या ओसरीवर बसून आईला, गोंड बायांना, मलाही जाळं विणायला शिकवायला लागली. ही गाठ ढिवरांच्या घरात आई मुलीला देते, सासू सुनेला देते. ती दुसऱ्या जातीला देत नाहीत. भासरा स्वतः आमच्या मोहल्ल्यात आला. आयुष्यात पहिल्यांदा आला असेल. अंगणाबाहेरच थांबला आणि म्हणाला, "आपली गाठ परक्याले देऊन राह्यली. उद्या हे सगळेच ढिवर झाले तं आपलं काय उरन? वाळीत पडशीन."

त्याचं बोलणं नुसतं दुष्टपणाचं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. ज्यांच्याकडं जमीन नाही त्यांच्याकडं तेवढीच एक गाठ होती. मावशीलाही ते कळत असणार, कारण ती थुंकायला उठली नाही. हातातली बांबूची सुई थांबवून शांतपणे म्हणाली, "भाऊजी, मी तुमच्यातलीच होती. मले कुठी वाटा भेटला?"

तो गेला, आणि मावशीला खरंच वाळीत टाकलं. तिच्या पुतणीच्या लग्नाचं बोलावणं आलं नाही. लग्नाच्या दिवशी वाजंत्री वाजत असताना ती आमच्या ओसरीवर जाळं विणत होती आणि चुकीच्या गाठी मारत होती. आईनं त्या सोडवल्या.

उन्हाळा आला. पाणी उतरलं. ठरलेल्या सकाळी सगळं गाव लहान तलावाच्या पाळीवर. सोसायटीचे पुरुष सगळ्यात पुढं, मधोमध भासरा. सरपंच नवराबायको दोघेही. आम्ही लुगड्यांचे काचे मारले आणि उतरलो. चिखलात पाय मांडीपर्यंत रुतत होते. दोन टोकांना धरून जाळं असं सावकाश ओढत आणलं, मध्ये कुणी कुठल्या मोहल्ल्याची राहिली नाही, सगळ्या सारख्याच काळ्या. जाळं जड झालं तेव्हा गोंडांची एक म्हातारी गोंडीत काहीतरी ओरडली. अर्थ आम्हा बाकीच्यांना कळला नाही, पण सगळ्यांनी एकदम जोर लावला. रोहू, कतला, एक मोठी मरळ. फार नव्हते, पण हसण्यासारखे कमीही नव्हते. मासा पळाला नव्हता. पाळीवर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण हसणंही थांबलं होतं.

आता वाटे. पळसाची पानं मांडली, ढीग लावले. मावशी पाठ करून उभी राहिली, पिंपळ नव्हता म्हणून मोहाच्या झाडाकडं तोंड करून. माझ्या आईनं पहिल्या ढिगावर हात ठेवला.

"हा कोनाचा?"

आणि मावशी जन्मभर जे ऐकत आली होती तेच तिच्या तोंडून गेलं. "नागभीडवालीचा!"

आमच्याकडं सुनेला माहेरच्या गावानं हाक मारतात. मूलवाली, वरोरावाली, नागभीडवाली. लग्न करून आली त्या दिवसापासून मरेपर्यंत तेच. नागभीडवाली म्हणताच दोघी पुढं आल्या. एक ढिवरांची नागभीडवाली, एक आमच्या मोहल्ल्याची. दोघींनी एकाच पानाला हात घातला. प्रत्येक मोहल्ल्याची आपापली नागभीडवाली होती. एका पाळीवर दोघींना उभं करायची वेळ गावावर कधी आलीच नव्हती.

"सोड वं, मले पुकारलं."

"तुले कायचं? मले पुकारलं."

पान फाटलं. मासे मातीत पडले. पाळीवरून सोसायटीवाले एका सुरात ओरडले, "भांडन! भांडन झालं!" भासरा हात वर करून म्हणाला, "झालं. तलाव सोसायटीचा."

मावशी गर्रकन वळली. वाटे पाडताना वळायचं नसतं, पण वळली. तिनं तोंड उघडलं. मी जवळच होते, तिच्या ओठांवर काय आलं ते मला दिसलं. "आमच्यातली" असं तिला म्हणायचं होतं. आमच्यातली नागभीडवाली, की तुमच्यातली. तिनं तोंड मिटलं. वर्षभर ज्यांच्यासोबत चिखल उपसला, त्यांच्यात आता आमच्यातली कोणती आणि तुमच्यातली कोणती? पण मग दुसरं म्हणायचं तरी काय? या दोघींची नावं तिला माहीत नव्हती. कुणालाच माहीत नव्हती. एवढ्या वर्षांची शेजारीण, आणि तिचं नाव काय, हे कधी विचारलं नव्हतं.

ती बाजूला जाऊन थुंकून आली.

"सगळ्या उभ्या राहा," ती म्हणाली. "एका रांगेत. आपापलं नाव सांगा. नवऱ्याचं नाई, लेकाचं नाई, गावाचं नाई. सोताचं. मोठ्यानं."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. नवऱ्याचं नाव घ्यायला लाजतात हे मला माहीत होतं, पण स्वतःचं नाव घेताना लाजणाऱ्या बाया मी त्या दिवशी पाहिल्या. पहिल्या नागभीडवालीनं नाव सांगितलं ते तिला स्वतःलाच ऐकू आलं असेल. "मोठ्यानं!" मावशी गरजली. मग तिनं पुन्हा सांगितलं, आणि त्या बाजूला पाळीवर उभा असलेला तिचा नवरा चमकून बघायला लागला. दुसरीनं सांगितलं. गोंडांच्या म्हातारीनं असं नाव सांगितलं की आम्हाला ते तीनदा म्हणायला लागलं, आणि तिनंही तीनदा सुधारून घेतलं, हयगय केली नाही. एकीला आपलं नाव आठवायला क्षणभर थांबावं लागलं.

"हे काय चालू आहे?" भासरा ओरडला. "अट ठरली होती. भांडन झालं!"

आणि सरपंचबाई नवऱ्याच्या मागून पुढं आल्या. "भांडन कुठी झालं भाऊ? बाया नावं सांगून राह्यल्या. नाव सांगनं म्हंजे भांडन होय काय?"

भासऱ्यानं वर केलेला हात खाली घेतला. तलाव तिथंच आमचा झाला, कागदावर पुढच्या ग्रामसभेत.

माझी आई रांगेत सगळ्यात शेवटी. तिचे हात अजून माशांचेच होते. तिनं आपलं नाव सांगितलं आणि मी दचकले. ते नाव मी कधीच ऐकलं नव्हतं. ज्या नावानं मी आईला ओळखत होते ते लग्नात सासरच्यांनी ठेवलेलं होतं. हे तिच्या आईबापानं ठेवलेलं होतं, जन्माचं. इतकी वर्षं ते तिनं कुठं ठेवलं होतं कोण जाणे. घरात एकाही माणसाला पत्ता नव्हता. मी वीस वर्षांची होऊन त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या आईचं नाव ऐकलं, तेही सगळ्या गावासोबत. मला राग आला, आणि तो आजपर्यंत गेलेला नाही.

मावशीनं पुन्हा मोहाकडं तोंड केलं. एकेका ढिगावर हात, "हा कोनाचा?" आणि तिच्या त्या एसटी थांबवणाऱ्या आवाजात एकेक नाव. दोनदा ती अडली. दोन्हीदा जिचं नाव आठवेना तिनंच मागून ते ओरडून सांगितलं. रीतीत ते बसत नव्हतं, पण रीत आता आमची होती. शेवटच्या ढिगाला तिनं आईचं नाव पुकारलं. आई जागची हललीच नाही. त्या नावाला ओ द्यायची तिची सवयच मोडली होती. मी कोपरानं ढोसलं तेव्हा ती पुढं गेली आणि वाकून तिनं पान उचललं.

मावशी आता नाही. आई थकली आहे, माझ्याकडं चंद्रपूरला असते, दात गेले, काट्यांमुळं मासे खात नाही. पण दर उन्हाळ्यात वाटे पाडायच्या दिवशी ती चंद्रपूरहून मला गावी न्यायला लावते, पाळीवर जाऊन बसते, आणि तिचं नाव पुकारलं गेलं की उठून वाटा घेते. मासे शेजाऱ्यांना वाटून टाकते.

त्या दिवशी भाषण संपल्यावर चहाच्या वेळी तो तरुण साहेब माझ्याजवळ आला. मनापासूनच विचारत होता. "मॅडम, तुमच्या आईंचं नाव काय?"

मी म्हटलं, "उन्हाळ्यात गावी या. पाळीवर उभे राहा. पुकारतात तेव्हा ऐका."